खेळ चालवणाऱ्याला पैसे द्यावेत का? झाडीपट्टीतली जुनी गोष्ट

आमच्या वसतिगृहात मध्यंतरी एक वाद रंगला होता. काही मुलं 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात. १९७४ साली अमेरिकेत आलेला हा खेळ. पाचसहा जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एक पात्र होतो आणि एक जण गोष्ट चालवतो. त्याला म्हणतात गेम मास्टर. इतर जण येऊन खेळतात, पण याला आधी तासन् तास तयारी करावी लागते. आता जगात बरेच जण या कामाचे पैसे घेतात. आमच्यातला एक म्हणाला, "मीही घेईन." दुसरा म्हणाला, "मग मैत्री कसली?"

मी गप्प ऐकत होतो, कारण माझ्या प्रबंधाचा विषय नेमका हाच आहे. फक्त टेबलाच्या जागी गावाची आखर आहे आणि गाव चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातलं.

आधी थोडं मागे जाऊ. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केलं. त्या नाटकांत लिहिलेले संवाद नसायचे. सूत्रधार पदं म्हणून कथा पुढे न्यायचा आणि पात्रं आयत्या वेळी सुचेल ते बोलायची. म्हणजे बघा, गेम मास्टरच की! पैसा कुठून यायचा? सांगलीच्या पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयातून. आश्रय संपला तेव्हा मंडळी दौऱ्यावर निघाली आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून प्रयोग झाले. कलेला पैसा नवा नव्हता, पैसे देणारा हात तेवढा बदलला.

दुसऱ्या टोकाला वारकरी कीर्तन. तिथे तुकोबांचा दंडक असा की कीर्तनाचं मोल घेऊ नये. नारदीय कीर्तनकार मात्र बिदागी घेतात आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. तेव्हा 'आपल्या परंपरेत पैसे घेत नसत' असं सरसकट वाक्य कुणी लिहिलं, तर समासात प्रश्नचिन्ह काढा. कोणत्या परंपरेत?

आता झाडीपट्टी. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा धानाचा आणि दाट झाडीचा मुलूख. दिवाळीनंतर इथे गावोगावी मंडई भरते आणि मंडईत दंडार होते. दंडारीत नाचणारे, गाणारे, सोंग घेणारे सगळे गावातलेच. शेतकरी, मजूर, दिवसभर धान कापून आलेले. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि दंडारीवर आयुष्यभर काम केलं. या विषयाकडे वळणाऱ्याने पहिल्यांदा त्यांचं लेखन वाचावं. दुसरा प्रकार खडी गंमत. यात शाहीर उभ्याउभ्याने गंमत चालवतो आणि त्याला बिदागी, बक्षीस मिळतं.

पुढे गावकरी नाटकं बसवू लागले. धानाची कापणी झाली की शंकरपट भरायचा, पाहुणे यायचे आणि रात्री नाटक. सुरुवातीला नट गावचेच होते. बाहेरून आणायच्या त्या स्त्री भूमिका करणाऱ्या नट्या आणि वादक, आणि त्यांना पैसे मोजावे लागत. हळूहळू पूर्ण संचच बाहेरून येऊ लागला. आज गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या कंपन्यांचं केंद्र आहे. दिवाळी ते होळी हंगाम चालतो. गावचं मंडळ कंपनीला ठरलेली रक्कम देतं, तिकिटं विकतं, नफातोटा गावाचा. कलावंताला रात्रीच्या हिशेबाने पैसे मिळतात. कुरखेडा तालुक्यातले परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी.

आता माझी चूक सांगतो, तुम्ही ती टाळा. पहिल्या आराखड्यात मी दोनच प्रकरणं ठेवली होती : 'हौशी' आणि 'व्यावसायिक'. मार्गदर्शकांनी एकच विचारलं, "एकाच रात्री, एकाच रंगमंचावर नटीला पैसे आणि गावच्या नटाला काही नाही. हे प्रकरण कोणतं?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हा कळलं की 'पैसे द्यावेत का' हा इतिहासाचा प्रश्न नाही. इतिहासाचा प्रश्न असा : कुणाला दिले, कुणाला नाही, आणि तो फरक कुणाला साहजिक वाटला? ज्याचं पोट शेतीवर चालतं त्याला मान पुरायचा. जिचं पोट याच कामावर, तिला मानावर भागवता येत नव्हतं.

आणि ज्याने पैसे घेतले नाहीत त्याचं पुढे काय झालं? महाराष्ट्र सरकारची ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधन योजना आहे. वय पन्नासच्या पुढे हवं आणि कलेत अनेक वर्षं काम केल्याचे पुरावे हवेत. पैसे घेणाऱ्या नटाकडे कंपनीचं पोस्टर असतं, त्यावर नाव असतं. दंडार बसवणाऱ्या म्हाताऱ्याकडे काय असणार? पावती नाही, पत्रिका नाही. आयुष्यभर खेळ चालवला, पण कागदावर तो कधी कलावंत झालाच नाही. पैशाबरोबर नोंद येते, हे मला फार उशिरा उमगलं. आपण संशोधकही कागदामागेच जातो. म्हणजे सरकारने ज्याला वगळलं त्याला आपणही वगळायचा धोका आहे.

म्हणून क्षेत्रकार्याला जाल तेव्हा कंपनीच्या हिशेबाच्या वहीवर थांबू नका. गावात विचारा, तालीम कुणाच्या अंगणात व्हायची? चहा कुणाच्या घरचा? सोंगाचे कपडे कुणी शिवले? मोबदल्याचा हिशेब तिथेही सापडतो, फक्त तो रुपयांत नसतो. आणि सांगणाऱ्याचं नाव, वय, गाव, तारीख टिपा, त्याची परवानगी घेऊन. उद्या ती टिपणं त्याच्या कामाचा एकमेव कागद ठरू शकतात.

वसतिगृहातल्या वादाचं काय झालं? मी मित्राला म्हटलं, पैसे घे किंवा नको घेऊ, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण खेळ कुणी चालवला ते कुठेतरी लिहून ठेवा.