उन्हाळी वर्ग आणि माळ्यावरची पेटी

उन्हाळा आणि विद्या यांचे नाते जुने आहे. केंब्रिज विद्यापीठाने १८७३ साली आपल्या भिंतींबाहेरील लोकांसाठी व्याख्याने सुरू केली. पुढल्याच वर्षी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील शटॉक्वा सरोवराच्या काठी सुट्टीतील अभ्यासवर्गाचा प्रघात पडला. आणि १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा आरंभ झाला. या तिन्ही ठिकाणांचा एकमेकांशी संबंध असो वा नसो, विद्या ही केवळ पदवीधरांची मिरास नव्हे हा विचार तीन वर्षांच्या आत तीन ठिकाणी उगवला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

आज तो मांडव संगणकाच्या पडद्यावर उभा राहिला आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने आपली पाठ्यसामग्री सर्वांस खुली करण्याचा संकल्प २००१ साली जाहीर केला. येल विद्यापीठाची व्याख्याने २००७ च्या अखेरीस खुली झाली, कोर्सेरासारखे मंच २०१२ साली आले आणि आपल्या देशात 'स्वयम्' हा मंच २०१७ साली सुरू झाला. प्रिन्स्टन विद्यापीठाचे जेरेमी ॲडेलमन यांनी इ.स. १३०० नंतरच्या जगाचा इतिहास २०१२ साली अशाच एका मंचावरून शिकविला, तेव्हा देशोदेशीचे हजारो विद्यार्थी एकाच वर्गात बसले. आमच्यापैकी काही जणांनीही गेल्या उन्हाळ्यात अशाच एका परदेशी विद्यापीठाचा जगाच्या इतिहासाचा वर्ग केला. कोणी बेळगावचे, कोणी निपाणीचे. बहुतेक निवृत्त, केस पिकलेले. इंग्रजी उच्चार ध्यानी येईनात, म्हणून एकेक व्याख्यान दोनदा ऐकावे आणि संध्याकाळी दूरध्वनीवर एकमेकांच्या शंका फेडाव्यात, असा आमचा क्रम होता.

सीमाभागात वाढलेल्या आमच्या पिढीला इतिहास म्हणजे दोनच गोष्टी ठाऊक: शिवकाळाचा अभिमान आणि १९५६ ची सल. या दोहोंच्या मधले सारे आम्ही ओलांडून जात आलो. तिसऱ्या आठवड्यात अमेरिका खंडातून जगभर पसरलेल्या पिकांचा विषय निघाला. आल्फ्रेड क्रॉस्बी या इतिहासकाराने १९७२ साली आपल्या ग्रंथातून या देवाणघेवाणीस कोलंबसाचे नाव जोडले. व्याख्याते मका, बटाटा, मिरची, भुईमूग, तंबाखू अशी नावे घेऊ लागले आणि आम्ही चमकलो. ही तर आमच्याच शिवारांची यादी! संकेश्वरची मिरची, बेळगावचा बटाटा, निपाणीचा तंबाखू. ज्यांना आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मातीचे म्हणून मिरविले, ती सारी पिके समुद्रापलीकडून आलेली पाहुणी निघाली.

त्यातही तंबाखूची कथा तर थेट आपल्या दाराशी येते. अकबराचा वकील असद बेग हा इ.स. १६०४ च्या सुमारास विजापुराहून परतला, तेव्हा त्याने तंबाखू आणि रत्नजडित चिलीम बादशहास नजर केली. दरबारातील हकिमांना ते रुचले नाही. पुढे जहांगिराने १६१७ साली धूम्रपानावर बंदी घातली. तिचा उपयोग काय झाला हे सांगावयास नको. त्या काळी आपला हा मुलूखही विजापूरच्या आदिलशाहीतच मोडत होता. म्हणजे ज्या पानाने निपाणीची पेठ उभारली, ते उत्तरेस गेले ते आपल्याच राज्यकर्त्यांच्या राजधानीतून.

याच पानाने पुढे माणसे रस्त्यावर आणली. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९८१ साली निपाणीत तंबाखू उत्पादकांचे आंदोलन झाले आणि पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. वखारींत राबणाऱ्या स्त्रियांच्या लढ्यावर 'युगांतर' या चित्रपटसमूहाने १९८२ साली माहितीपट काढला. आम्हांपैकी कित्येकांनी ते दिवस डोळ्यांनी पाहिले; परंतु तो इतिहास आहे असे तेव्हा मनात आले नाही.

वर्गाच्या अखेरीस गृहपाठ आला: आपल्या घरातील किंवा गावातील एक अस्सल साधन घ्या, आणि ते काय सांगते व काय सांगत नाही ते लिहा. आमच्यातील एका घराण्यात पूर्वज सरदाराबरोबर तलवार घेऊन आला, अशी कथा चार पिढ्या सांगितली जाते. माळ्यावरची पेटी खाली उतरली. आतील कागद मोडीत. घरात वाचणारे कोणी उरले नव्हते. शोधाअंती एक वृद्ध मोडीवाचक भेटले. सनद निघाली नाही. निघाली ती वखारीची खातेवही. कोणाकडून किती माल घेतला, कोणास किती उधार दिला, याच्या नोंदी. नावे मराठी तशीच कानडी, आणि लिंगायत तसेच मुसलमान व्यापाऱ्यांचीही. त्या घरात दोन दिवस अबोला होता. मग थोरल्या वहिनींनीच तो मोडला. त्या म्हणाल्या, "तलवारीने एक आला असेल, पण हिशोबाने सगळे टिकलो."

एका खातेवहीने तलवारीची कथा खोटी ठरत नाही, खरीही ठरत नाही. एवढा विवेक मात्र त्या वर्गाने आम्हांस दिला. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली छापला आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभारले, ते याच आग्रहापायी: आधी कागद, मग अभिमान. बेळगावात २००० साली भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद य. दि. फडके या इतिहासकाराकडे होते, याचेही आम्हांस या निमित्ताने स्मरण झाले.

दूरच्या विद्यापीठाच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. त्याच्या नकाशावर निपाणी नाही, भाषा इंग्रजी आहे, आणि मोडी तो शिकवीत नाही. पद्धत त्याच्याकडून घ्यावी. साधने मात्र आपल्याच माळ्यावर आहेत, आणि ती वाळवी, पावसाळा व रद्दीवाला यांच्या तावडीत आहेत. आमच्याच एका स्नेह्यांच्या घरची दोन गाठोडी घर पाडताना रद्दीत गेली. त्यांत काय होते हे आता कोणासही कळावयाचे नाही.

म्हणून वाचकांस आमची विनंती एवढीच. येत्या उन्हाळ्यात असा एखादा वर्ग अवश्य करावा. नातवंडांना यंत्राची बाजू सांभाळू द्यावी. परंतु त्याआधी पेटी उघडावी, कागद सावलीत पसरून धूळ झाडावी, आणि मोडी वाचणारा अद्याप हयात आहे तोवर त्याला चहाला बोलवावे.