बर्फात आधी वाट कुणाची?

आपल्याकडे फार तर गारा पडतात. दाराच्या कडीपर्यंत बर्फ साचलाय, असं आपण कधी पाहिलेलं नाही. पण आठ-आठ दिवस घरात कोंडून घालणारा पाऊस आपल्याला चांगला ठाऊक आहे. म्हणून बर्फाच्या मुलखातल्या लोकांची गोष्ट आपल्याला परकी वाटणार नाही. आज आम्ही तीच सांगणार आहोत.

आधी काश्मीर. तिथे २१ डिसेंबरपासून ४० दिवस कडाक्याची थंडी असते, तिला ‘चिल्लई कलान’ म्हणतात. त्यानंतर २० दिवसांची ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटी १० दिवसांची ‘चिल्लई बच्चा’. म्हणजे थंडीतही थोरली, धाकटी आणि शेंडेफळ! बर्फ पडला की पूर्वी जम्मूकडचा रस्ता बंद व्हायचा, ताजी भाजी मिळायची नाही. म्हणून तिथल्या बायका उन्हाळ्यातच वांगी, टोमॅटो, दुधी, सलगम चिरून उन्हात वाळवतात. या वाळवणाला ‘होख स्यून’ म्हणतात. आपण पावसाळ्यासाठी सांडगे-कुरडया करून ठेवतो, तशीच ही बेगमी. अंगात पायघोळ फेरन आणि त्याच्या आत कांगडी, म्हणजे विणलेल्या टोपलीत बसवलेलं निखाऱ्यांचं मातीचं भांडं. बर्फ डिसेंबरात पडतो, पण त्याच्याशी दोन हात करायची तयारी जुलैतच सुरू होते, आणि ती बायकांच्या हातून होते.

आता जपानकडे जाऊ. सैबेरियाकडून येणारं थंड वारं समुद्रावरून येताना बाष्प उचलतं आणि जपानच्या डोंगरांना धडकून अफाट बर्फ पाडतं. तिथल्या शिराकावा-गो गावातली जुनी घरं पाहिली तर दोन हात जोडल्यासारखी उतरती छपरं दिसतात. उतार इतका तीव्र ठेवण्याचं कारण म्हणजे बर्फाचं ओझं छपरावर साचू नये. १९९५ साली या गावाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पण गवताचं एवढं मोठं छप्पर एका कुटुंबाला बदलणं झेपत नाही. तेव्हा सगळं गाव एकत्र येतं. आज तुझं छप्पर, पुढे माझं. या रिवाजाला ‘युई’ म्हणतात. आपल्याकडच्या इर्जिकीचीच ही जपानी बहीण!

त्याच देशात निगाता भागात बायकांनी बर्फालाच कामाला लावलं. बर्फाने वाट अडवली की त्या घरात बसून एका झाडाच्या सालीच्या धाग्यांचं तलम कापड विणायच्या. हिवाळा सरत आला की ते कापड बर्फावर पसरायचं. ऊन आणि वितळता बर्फ मिळून ते पांढरंशुभ्र करतात. सुझुकी बोकुशी या लेखकाने १८३७ च्या सुमारास या बर्फाळ मुलखावर लिहिलेल्या पुस्तकात या कापडाचं वर्णन आहे. २००९ साली या कलेला युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. घरात कोंडल्या गेलेल्या बायकांनी शेतीबंदच्या महिन्यांत कमाई उभी केली होती.

सगळीकडे अशी पूर्वतयारी नव्हती. मार्च १८८८ मध्ये न्यूयॉर्क शहरावर हिमवादळ आलं. आगगाड्या जागच्या जागी थांबल्या, तारांचे खांब कोसळले, शहरात सुमारे २०० माणसं मेली. मग शहर जागं झालं. तारा जमिनीखाली नेण्याला जोर आला, जमिनीखालून आगगाडी हवी ही मागणी वाढली, आणि १९०४ मध्ये ती गाडी सुरू झाली. फटका खाऊन शहाणपण आलं, पण त्याची किंमत मोठी होती.

शेवटची गोष्ट स्वीडनमधली, आणि आपल्या फार कामाची. तिथे बर्फ काढायची यंत्रं आधी मोठे रस्ते साफ करायची, मग पायवाटा. सगळ्यांना हे रास्तच वाटायचं. २०११ च्या सुमारास कार्ल्सकोगा या गावाने आपल्या प्रत्येक कामाचा फायदा बायकांना किती आणि पुरुषांना किती, हे तपासायचं ठरवलं. तेव्हा कळलं, की मोठ्या रस्त्यांवर गाडी चालवणारे बहुतेक पुरुष. बायका मात्र पायी, सायकलवर किंवा बसने, मुलांना पाळणाघरात सोडत कामाला जातात. गाडी थोड्याशा बर्फातून पुढे सरकते. मुलाला ढकलगाडीत घेतलेली बाई अडते, घसरते. दवाखान्यात पोचणाऱ्यांत पायी चालणारे जास्त, त्यातही बायका जास्त. गावाने क्रम उलटा केला: आधी पायवाटा आणि पाळणाघराकडची वाट, मग मोठे रस्ते. नोव्हेंबर २०१६ मध्ये स्टॉकहोमला मोठा बर्फ पडून वाहतूक ठप्प झाली, तेव्हा या पद्धतीवर टीकाही झाली. पण आधी वाट कुणाची, हा प्रश्न त्या टीकेने पुसला गेला नाही.

मैत्रिणींनो, बर्फ सगळ्यांच्या दारात सारखाच पडतो. घरात आधी काय साठवलंय, शेजारीण हाताशी आहे का, आणि वाट कुणाची आधी मोकळी होते, यावर त्याचा त्रास ठरतो. आपल्या गावात बर्फ नाही, चिखल आहे. पहिल्या पावसात नळकोंडाळ्याची वाट बंद होते की चावडीची? अंगणवाडीसमोर मुरूम पडतो, की तो चारचाकी जाणाऱ्या रस्त्यावरच संपतो? ग्रामसभेच्या आधी महिला सभा भरते. तिथे हा प्रश्न मांडायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही. या महिन्याच्या गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, की सगळ्या जणी मिळून गावातल्या वाटांची यादी करू. कोणत्या वाटेने कोण जातं, हेही तिच्यात लिहू. मग पाऊस येण्याआधी ती यादी घेऊन ग्रामपंचायतीत जाऊ.