वर्गातला चौथा

शाळेत आम्हांला शिकवले होते : 'क'ला 'ह' जोडला की 'ख', 'ग'ला जोडला की 'घ'. हे सूत्र मी वर्षानुवर्षे खरे मानून चाललो. पन्नाशीत तैत्तिरीय प्रातिशाख्य वाचायला घेतले (संस्कृत रीतसर शिकलेलो नाही, तेव्हा कोश शेजारी ठेवूनच) आणि दुसऱ्या अध्यायात अडखळलो.

जीभ, टाळू, दात यांच्याकडे वळण्याआधी सूत्रकार गळ्याशी थांबतो. कंठ मिटलेला असेल तर नाद, उघडा असेल तर श्वास आणि मधल्या अवस्थेत हकार. स्वरांना आणि ग, ज, द, ब यांना नाद. क, ख यांना श्वास. 'ख'मध्ये तो 'क'पेक्षा जास्त, इतकेच. पण 'ह' आणि प्रत्येक वर्गातला चौथा वर्ण, म्हणजे घ, झ, ढ, ध, भ, यांच्या मुळाशी तो तिसरा हकार. शाळेने 'महाप्राण' म्हणून एका बाकावर बसवलेले 'ख' आणि 'घ' इथे गळ्यातच वेगळे होतात.

हे प्रातिशाख्य इंग्रजी भाषांतरासह १८७१ साली प्रसिद्ध केले ते अमेरिकन पंडित व्हिटनी यांनी. माणूस कमालीचा काटेकोर. पण ही तिसरी अवस्था त्यांना पटली नाही. एकाच गळ्यातून एकाच वेळी नाद आणि श्वास निघणार कसे, हा त्यांचा आक्षेप. त्यांना हसू नये. ज्याच्या मातृभाषेत घ-भ नाहीत त्याला तो प्रश्न पडणारच. गायनशिक्षक मान्युएल गार्सिया यांनी छोट्या आरशात स्वतःचे स्वरतंतू पाहून ती निरीक्षणे १८५५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवली होती, तरी 'घ' उच्चारताना गळ्यात काय घडते हे कळायला वेळ लागला. स्वरतंतू पुरते जुळत नाहीत; ते कंप पावत असतानाच फटीतून हवा निसटते. म्हणजे दोन्ही एकदमच! डब्ल्यू. एस. ॲलन यांनी १९५३च्या आपल्या पुस्तकात सूत्रकाराची बाजू उचलून धरली.

यावरून 'पूर्वजांना स्वरतंतू ठाऊक होते' असे कोणी लिहू नये. सूत्रांत स्वरतंतू नाहीत, कंठाचे मिटणे-उघडणे आहे. ते कान लावून आणि स्वतःच्या गळ्याकडे लक्ष देऊन ओळखलेले असणार.

'बार' आणि 'भार' म्हणून पाहा. मग 'मैल' आणि 'म्हैस'. 'म्ह', 'न्ह', 'ल्ह' यांना वर्णमालेत स्वतंत्र घर नाही, पण म्हातारा, न्हाणी, कोल्हा म्हणताना गळा तीच मधली वाट धरतो.