जुनं गाणं, नवं यंत्र

मी रायपूरहून बोलतोय. आमच्याकडे वरात निघाली की डीजेवाला 'ससुराल गेंदा फूल' लावतोच. एकदा शेजारच्या छत्तीसगडी आजी म्हणाल्या, "हे तर आमचं गाणं. आम्ही अंगणात म्हणायचो. पण तेव्हा एवढी धडधड नव्हती हो." २००९ साली 'दिल्ली-६' या चित्रपटात ए. आर. रहमान यांनी या लोकगीताला नवा साज चढवला. वरातीतली पोरं मात्र ते चित्रपटाचंच गाणं समजून नाचतात.

त्या दिवसापासून एक प्रश्न मनात आहे. यंत्राचा ठेका लागला की जुनं गाणं आपलं राहतं का? याचं उत्तर शोधायला आज गोव्यात जाऊ.

गोव्यात पोर्तुगीज सत्ता १५१० ते १९६१, म्हणजे साडेचारशे वर्षं टिकली. चर्चच्या शाळांमधून व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलेखन गावोगाव पोचलं. त्यातून एकोणिसाव्या शतकात मांडो घडला. भाषा कोकणी, सुरावट युरोपीय वळणाची, साथीला व्हायोलिन आणि घुमट. घुमट म्हणजे कातडं ताणून बसवलेलं मातीचं भांडं. गोव्यात गणपतीच्या आरतीलाही तेच वाजतं. म्हणजे ज्याला आपण 'अस्सल जुनं' म्हणतो, तेही एके काळी नवंच मिश्रण होतं.

आता रेमो फर्नांडिस यांच्याकडे येऊ. जन्म १९५३, गाव बार्देशातलं शिवोली. गोवा मुक्त झाला तेव्हा ते आठ वर्षांचे होते. पुढे मुंबईला जे. जे. मध्ये वास्तुशास्त्र शिकले, पण मन संगीतात होतं. १९८४ साली त्यांनी 'गोअन क्रेझी' ही कॅसेट घरीच तयार केली, चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर. या यंत्राची गंमत अशी की आधी गिटार ध्वनिमुद्रित करायची, मग ती ऐकत दुसऱ्या ट्रॅकवर दुसरं वाद्य, मग आवाज. एकटा माणूस अख्खा बँड होतो! कॅसेटी दुकानादुकानांत पोचवायलाही ते स्वतःच स्कूटरवरून फिरले. पुढच्याच वर्षी आली 'ओल्ड गोअन गोल्ड'. त्यात गोव्याची जुनी गाणी नव्या साजात होती.

खुद्द पोर्तुगालमध्येही असंच घडलं. लिस्बनचं दर्दभरं फादो गाणं म्हणजे तिथला जुना ठेवा. २०११ साली युनेस्कोनं त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. पण त्याआधीच, २००४ मध्ये, 'आ नाइफा' या बँडचा पहिला अल्बम आला होता. लुईश वारातोजू आणि जुआंव आगुआर्देला हे दोघं रॉकमधून आलेले. त्यांनी बारा तारांच्या पोर्तुगीज गिटारीखाली इलेक्ट्रॉनिक ठेका ठेवला. नाइफा म्हणजे सुरी. नाव धारदार, पण फादोचा गळा त्यांनी कापला नाही. उलट तरुण श्रोत्यांसाठी त्या गाण्याचं नवं दार उघडलं.

माझ्या मते यंत्र हा खरा शत्रू नाहीच. शिवोलीतल्या कॅसेटवर गोव्याचं नाव ठळक होतं आणि लिस्बनच्या बँडमध्ये गिटार पोर्तुगीजच होती. गाणं कुठून आलं, हे ऐकणाऱ्याला कळत होतं. आमच्या रायपूरच्या वरातीत नेमकं तेच हरवतं. ठेका राहतो, अंगण पुसलं जातं.

म्हणून एक विनंती. आपण महाराष्ट्राबाहेरची मराठी माणसं आहोत, नाव हरवण्याचं दुःख आपल्याला वेगळं सांगायला नको. आजीच्या ओव्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. हवा तर खाली ठेकाही लावा. पण त्यासोबत आजीचं नाव, गाव आणि साल लिहून ठेवा. मीही शेजारच्या आजींकडे जाणार आहे.

भेटू पुढच्या भागात.