'आंदे' की 'आंदुबे'? स्पॅनिश भूतकाळाने अडवलेलं माझं मॉडेल

तुम्ही कधी स्पॅनिश शिकायला सुरुवात केली असेल तर तुम्हाला हे माहीत असेल. पहिले दोन महिने मजेत जातात, आणि मग येतो साधा भूतकाळ. पुस्तकात आधी एक सरळ कोष्टक असतं. 'कांतार' म्हणजे गाणे. त्याचं कांते (मी गायले), कांतास्ते (तू गायलीस), कांतो (तो गायला), पुढे कांतामोस, कांतास्तेइस, कांतारोन. पाठ झालं, आपण खूश. पान उलटलं की अनियमित क्रियापदांची यादी सुरू होते आणि शिक्षक म्हणतात, "याला नियम नाही, घोका."

मी एम.एस्सी. करत असताना संध्याकाळच्या वर्गाला जायचे. 'आंदार' म्हणजे चालणे, फिरणे. परीक्षेत मी कोष्टकाप्रमाणे 'आंदे' लिहिलं. लाल गोल पडला, बाजूला बरोबर उत्तर: 'आंदुबे'. तेव्हा अर्धा मार्क गेला एवढंच वाईट वाटलं होतं. आज पीएचडीच्या तिसऱ्या वर्षात त्याच शब्दाने माझं मॉडेल अडवून ठेवलंय. कसं, ते सांगते. पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आधी सरळ कोष्टकच बघू, कारण तेही दिसतं तेवढं सरळ नाही. 'कांतो' हा शब्द 'कां'वर जोर देऊन म्हणा: मी गाते. 'तो'वर जोर द्या: तो गायला. फरक फक्त जोराचा, आणि लिहिताना शेवटच्या स्वरावर एक तिरकी रेघ. हा जोर शेवटी गेला कसा? लॅटिनमध्ये 'तो गायला' होतं 'कांतावित', जोर 'ता'वर. बोलताना लोकांनी मधला 'व' गिळला आणि 'कांताउत' झालं. हे काही नुसतं अनुमान नाही. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईच्या भिंतींवर असे 'आउत'ने संपणारे भूतकाळ खरडलेले सापडलेत. (वाक्यं काय आहेत ते विचारू नका. सार्वजनिक भिंतींवर लोक तेव्हाही तेच लिहायचे जे आज लिहितात.) पुढे 'आउ'चा 'ओ' झाला, शेवटचा 'त' गळला, जोर मात्र जागचा हलला नाही. म्हणजे तो शेवटी गेलाच नाही, त्याच्या पुढचं शेपूट झडलं.

आता अनियमित यादी. तिच्यातली बरीच क्रियापदं एका वेगळ्या लॅटिन गटातली आहेत, ज्यांत जोर प्रत्ययावर नसून मूळ धातूवर होता. 'असणे, जवळ असणे' या अर्थाचं 'हाबुई' घ्या. यातला 'उ' उडी मारून आधीच्या अक्षरात शिरला, 'हाउबी'सारखं काहीतरी झालं, आणि जुन्या स्पॅनिशमध्ये त्याचं 'ओबे' झालं. आजचं 'उबे' ते हेच. इथपर्यंत सगळं ध्वनिबदलाच्या हिशोबात बसतं.

पण 'तेनेर'चं (बाळगणे) 'तुबे' बसत नाही. त्याचं लॅटिन रूप 'तेनुई'. त्यातून 'तोबे' निघणं अशक्य; त्यातला 'न' कुठे गेला? तो कुठेच गेला नाही. 'तेनेर'ने 'ओबे'ची नक्कल केली. दोन्ही क्रियापदांचा अर्थ जवळचा, दोन्ही दिवसातून शंभरदा तोंडात येणारी. मग 'एस्तार'ने (असणे, स्थिती दाखवणारं) तेच केलं. त्याचं जुनं रूप होतं 'एस्तिदे', लॅटिन 'स्तेती'वरून आलेलं. ते टाकून त्याने 'एस्तोबे' घेतलं. आणि त्याच्या मागोमाग आलं आपलं 'आंदार'.

इथे मला जरा थांबायचंय, कारण मला हाच भाग सगळ्यात आवडतो. जुन्या स्पॅनिशमध्ये 'एस्तिदे' होतं तेव्हा 'आंदार'चं रूप 'आंदिदे' होतं. 'एस्तार' बदलून 'एस्तोबे' झालं, 'आंदार' बदलून 'आंदोबे' झालं. नंतर गटातल्या 'ओ'चा 'उ' झाला, तर 'एस्तुबे' आणि 'आंदुबे'. मोठ्या बहिणीने फ्रॉक बदलला की धाकटीलाही तसाच हवा, तसं हे प्रकरण. साम्य फक्त आवाजाचं नाही, कामाचंही आहे. 'एस्तार कांतांदो' म्हणजे गात असणे, 'आंदार कांतांदो' म्हणजे गात फिरणे. दोघी सहायक क्रियापद म्हणून एकाच जागी बसतात.

आता माझी अडचण. 2007 मध्ये 'नेचर'मध्ये लिबरमन आणि सहकाऱ्यांचा एक गाजलेला शोधनिबंध आला होता. त्यांनी जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं घेतली. त्यातली आज 98 अनियमित उरली आहेत. त्यांचं सूत्र देखणं आहे: एखादं क्रियापद दुसऱ्यापेक्षा 100 पट कमी वापरलं जात असेल तर ते 10 पट वेगाने नियमित होतं. किरणोत्सर्गी मूलद्रव्यासारखं अर्धायुष्यच. माझ्यासारख्या संख्याशास्त्रातून आलेल्या मुलीला याची भुरळ न पडती तरच नवल. मी तेच गृहीतक स्पॅनिशला लावलं: अनियमित रूपं झिजत जातात, उलटा प्रवास नाही.

आणि सुरुवातीला जमलंही. लॅटिनमधून आलेलं 'विस्के' (मी जगले) गेलं, 'बिबी' आलं. 'एस्क्रिसे' (मी लिहिलं) गेलं, 'एस्क्रिबी' आलं. 'क्रेएर' (विश्वास ठेवणे) तर काही काळ 'ओबे'च्याच टोळीत होतं, 'क्रोबो' असं रूप मिळतं. तेही बाहेर पडून नियमित झालं. मी आलेख घेऊन गाइडकडे गेले. त्यांनी तो नीट पाहिला आणि एवढंच विचारलं, "आणि आंदुबे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'आंदार' हे 'आर'ने संपणारं, म्हणजे स्पॅनिशच्या सगळ्यात मोठ्या, सगळ्यात नियमित वर्गातलं. माझ्या मॉडेलप्रमाणे त्याने 'कांते'सारखं 'आंदे' व्हायला हवं होतं. ते गेलं उलट दिशेला, आणि तिथे टिकलं. शेजारच्या पोर्तुगीजमध्ये 'एस्तार'चं भूतकाळी रूप अनियमितच आहे, पण 'आंदार'चं सरळ 'आंदेई' होतं. गोव्यात जुन्या पिढीतलं कुणी पोर्तुगीज बोलणारं ओळखीचं असेल तर विचारून बघा.

म्हणजे 'नियम विरुद्ध अपवाद' ही मांडणीच चुकीची होती. चार शब्दांची टोळीही नियमासारखी ओढ लावते, जर ते चार शब्द रोज वापरातले असतील आणि नवा शब्द त्यांच्यासारखा दिसत आणि वागत असेल. मॉडेलमध्ये आता प्रत्येक क्रियापदाला नुसती वारंवारिता नाही, शेजारही द्यावा लागतोय. दीड वर्षाचा कोड पुन्हा लिहिणं चालू आहे.

हे सगळं आपल्याला परकं वाटायला नको. स्पॅनिशमध्ये 'ईर' म्हणजे जाणे आणि 'सेर' म्हणजे असणे, दोन्हींचा भूतकाळ एकच: 'फुई'. शिकणारे यावर फार वैतागतात. 'फुई' मुळात 'असणे'चं. ते 'जाणे'ला उसनं मिळालं. पण आपण 'मी काल नाशिकला होते' म्हणतो तेव्हा मी नाशिकला गेले होते हे ऐकणाऱ्याला कळतंच ना? आणि आपल्या 'जाणे'चा भूतकाळ तरी कुठे त्याचा स्वतःचा आहे? 'जा' आलं संस्कृत 'या' धातूवरून, 'गेला' आलं 'गम्'च्या 'गत'वरून. दोन वेगळ्या घरचे धातू आपण एका संसारात बसवले आणि कुणाला ते खटकत नाही. माझी चार वर्षांची भाची 'मी करलं' म्हणते, सगळे हसून 'केलं' म्हण म्हणून सांगतात. ती नियम बरोबर लावते आहे. 'केलं' हे 'कृत'चं वंशज आहे याची तिला काय कल्पना!

आता लाल गोलाबद्दल. 1492 च्या ऑगस्टमध्ये सालामांका इथे नेब्रिहाचं कास्तिलियन व्याकरण छापून झालं. आपण शिकतो त्या काळाला त्याने 'पासादो आकाबादो', संपलेला भूतकाळ, असं नाव दिलं होतं. त्याच वर्षी स्पेनमधून ज्यूंना हाकलण्यात आलं. ते थेस्सालोनिकी, इस्तंबूलकडे गेले आणि जाताना आपली स्पॅनिश घेऊन गेले. त्यांच्या बोलीत 'मी गायले' हे 'कांते' नाही, 'कांती' आहे; 'आम्ही गायलो' हे 'कांतिमोस'. स्पेनच्या स्पॅनिशमध्ये 'कांतामोस' म्हणजे 'आम्ही गातो' आणि 'आम्ही गायलो' दोन्ही. म्हणजे हाकललेल्यांच्या बोलीने एक संदिग्धता मिटवली, जी माद्रिदमध्ये आजही आहे. तरी 'शुद्ध' कोण ठरलं ते तुम्ही ओळखलं असेलच.

मेक्सिकोच्या खेड्यात कुणी 'आणलं' या अर्थी 'त्रुखे' म्हणालं तर शहरातले लोक हसतात. पुस्तकी रूप 'त्राखे'. पण सर्व्हांतेसच्या 'दोन किहोते'मध्ये (1605) 'त्रुशो' छापलेलं आहे, त्याच घराण्यातलं. 'मी पाहिलं'साठी खेड्यात ऐकू येणारं 'बिदे' तर थेट लॅटिन 'विदी'चं रूप आहे, पुस्तकातल्या 'बी'पेक्षा मुळाच्या जास्त जवळ.

आणि 'आंदे'? स्पेनमध्ये ते आजही बोलण्यात ऐकू येतं, मातृभाषा स्पॅनिश असणाऱ्यांच्या तोंडी, आणि त्यांनाही ते चूक म्हणून सांगितलं जातं. माझ्या नव्या मॉडेलमध्ये या शब्दावर दोन्ही बाजूंची ओढ चालू आहे: एकीकडे 'आर'वाल्यांचा मोठा वर्ग, दुसरीकडे 'एस्तुबे'. तुम्ही परीक्षेला बसणार असाल तर मात्र उबे, तुबे, एस्तुबे, आंदुबे असं एका दमात म्हणून पाठ करा. अर्धा मार्क वाचेल.