दोन माग की तीन?

रोबोट नोकऱ्या खाणार, असं आज रोज ऐकतो आपण. मुंबईत हे भांडण १९२८ सालीच पेटलं होतं. गिरणीच्या साळखात्यात तेव्हा एक विणकर दोन माग सांभाळायचा. काही मालक म्हणाले, आता तीन सांभाळ. हिशेब करा मंडळी, सहा मागांना तीन माणसं लागायची, तिथे आता दोनच पुरणार. दोघांची मजुरी थोडी वाढेल, तिसरा थेट गावी. गंमत म्हणजे यंत्र बदललंच नव्हतं, फक्त कामाची वाटणी बदलली होती.

एप्रिलमध्ये सार्वत्रिक संप सुरू झाला. सुमारे दीड लाख कामगार, जवळपास सहा महिने. याच संपात श्रीपाद अमृत डांगे आणि सोबत्यांची गिरणी कामगार युनियन उभी राहिली.

एक गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही. चांगल्या मजुरीचं हे साळखातं दलित कामगारांना बंदच होतं. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाचं कारण पुढे करत. जी नोकरी वाचवायला संप चालला होता, ती यांना मुळात मिळतच नव्हती! ही बंदी उठवायची मागणीही घ्या, नाहीतर आमची माणसं संपात नाहीत, असं डॉ. आंबेडकरांनी पुढाऱ्यांना बजावलं. त्यांनी ती घेतली, पण नाखुशीनेच. मालकांनी हात झटकले: हा अन्याय असेल तर तो आमचा नाही.