पेहराव : पेशवाई

गेल्या डिसेंबरात माझ्या रूममेटच्या मोबाइलवर एक लग्नपत्रिका आली. मुहूर्त, स्थळ, आणि अगदी खाली एक ओळ : ‘पेहराव – पेशवाई’. तिने फोन माझ्यासमोर धरला. “तू अठराव्या शतकावर पीएचडी करतेस ना? मग सांग, मी काय नेसू? आणि मुख्य म्हणजे, मला काय चांगलं दिसेल?”

दुसरा प्रश्न थट्टेचा नव्हता. ती उंचीने कमी, अंगाने थोडी भरलेली. भाड्याने पोशाख देणाऱ्या एका दुकानात जाऊन शिवलेली नऊवारी घालून आली होती आणि आरशात स्वतःला बघून हिरमुसली होती. “गाठोडं दिसतेय मी,” म्हणाली.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी तिथल्या तिथे ठोकून दिलं. जांभळी नऊवारी, पैठणीचे काठ, लांब बाह्यांचं पोलकं, नथ, खोपा, कपाळावर चंद्रकोर. तिने शांतपणे विचारलं, “हे कशावरून?” आणि मी गप्प झाले. कारण ते मी कुठल्याच कागदात वाचलेलं नव्हतं. ते मला ‘माहीतच’ होतं.

तुमच्यापैकी जे सध्या पेटची तयारी करताहेत किंवा सिनॉप्सिसच्या तिसऱ्या मसुद्यावर अडकलेत, त्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. गाईड नेमका हाच प्रश्न विचारतात. आपल्याला जे सगळ्यात पक्कं माहीत असतं, त्याच्याच मुळाशी आपण कधी गेलेलो नसतो.

मग आम्ही उलटं चालायला लागलो. दुकानातल्या नऊवारीच्या पिशवीवर चिठ्ठी होती, ‘काशीबाई पॅटर्न’. म्हणजे २०१५ सालचा ‘बाजीराव मस्तानी’ सिनेमा. सिनेमाच्या आधी काय? रंगभूमी. बालगंधर्व स्त्रीभूमिकेत शालू नेसून उभे राहत आणि प्रेक्षागृहातल्या बायका घरी जाऊन तसंच नेसायचा प्रयत्न करत, हे आपण आजीपणजीकडून ऐकलेलं असतं. ‘गंधर्व नाटक मंडळी’ १९१३ साली निघाली. त्याच्याही मागे राजा रविवर्मा. १८९४ साली त्यांनी मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतींवर लागल्या. देवी कशी नेसते हे त्या चित्रांनी ठरवलं, आणि बघता बघता ‘जुन्या काळच्या’ बाईने कसं नेसावं हेही त्यांनीच ठरवलं.

एवढं मागे जाऊनसुद्धा आपण पोचलो कुठे? १८९४ला. पेशवाई संपली १८१८ साली. मधली शहात्तर वर्षं मोकळीच.

इथे आणखी एक गोष्ट विचारायची राहते : पेशवाई म्हणजे नक्की कधी? बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद मिळालं १७१३ साली. तिथून १८१८ म्हणजे एकशे पाच वर्षं. तुमच्या आजीच्या लग्नातला फोटो आणि तुमच्या मावसबहिणीच्या लग्नातला फोटो शेजारी ठेवा, आणि मग सांगा की एकशे पाच वर्षं एकच पेहराव होता. ‘पेशवेकालीन स्त्रियांचा पोशाख’ असं शीर्षक सिनॉप्सिसवर लिहिलंत तर परीक्षक पहिला आडवा फाटा इथेच मारतील. काळ बांधून घ्या. आम्ही सवाई माधवरावांचा काळ धरला, कारण त्या काळाची चित्रं आहेत.

आणि चित्रं आहेत म्हटल्यावर मला जो आनंद झाला, तो फार टिकला नाही. त्याबद्दल जरा सविस्तर सांगते.

पुण्याच्या दरबाराचं एक मोठं तैलचित्र आहे, आज ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट पेशव्यांच्या दरबारात १७९०चा तह करतोय, असा प्रसंग. गर्दी आहे, पांढरे झिरझिरीत जामे आहेत, पागोटी आहेत, मोत्यांच्या माळा आहेत. पाहताक्षणी वाटतं, झालं काम, हाच पुरावा. पण चित्राखालचं नाव वाचा : थॉमस डॅनियल, १८०५. तह झाला त्यानंतर पंधरा वर्षांनी, आणि तेही इंग्लंडात बसून काढलेलं. त्याने ते काढलं जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या रेखाटनांवरून. वेल्स पुण्यात राहिला होता, सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांना समोर बसवून त्याने चित्रं काढली होती. ठीक. पण वेल्स हिंदुस्थानात आला १७९१ला. म्हणजे १७९०चा तो दरबार त्यानेही पाहिलेला नाही! आणि १७९५ला तो वारला, तेव्हा डॅनियलला त्याला काही विचारणंही शक्य नव्हतं.

मग हे चित्र टाकून द्यायचं का? अजिबात नाही. नवशिक्या संशोधकाची दुसरी चूक ही असते की एक खोट सापडली की साधनच फेकून द्यायचं. हे चित्र प्रसंगाचा पुरावा म्हणून कच्चं आहे. पण वेल्सने माणसं समोर बसवून रेखाटली होती, त्यामुळे जाम्याची कापणी, पागोट्याचा बांधा, शेला कुठून कसा घेतला, यासाठी ते बरंच पक्कं आहे. साधन खरं की खोटं असं विचारू नका, कशासाठी खरं ते विचारा. शिवाय एक विसरू नका : चित्र काढून घ्यायला बसलेला माणूस ठेवणीतले कपडे घालूनच बसतो. आपणही पासपोर्टच्या फोटोला इस्त्रीचा शर्ट घालतो. ‘चांगलं दिसायला हवं’ ही चिंता माझ्या रूममेटची एकटीची नव्हती.

रूममेटने चित्र मोठं करून पाहिलं आणि एक साधा प्रश्न विचारला. “यात बायका कुठायत?”

नाहीत. दरबारात त्या नव्हत्याच. त्या काळच्या बायका दिसतात त्या मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यातल्यासारख्या भित्तिचित्रांत, नाहीतर पोथ्यांच्या पानांवर, आणि तिथे बहुतेक वेळा त्या गोपी असतात, देवी असतात. गोपीचं लुगडं हे चित्रकाराच्या शेजारणीचं लुगडं असेल किंवा चित्रपरंपरेतून आलेलं असेल. दोन्ही शक्यता उघड्या ठेवून काम करावं लागतं.

राहिले कागद. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे. त्यातून निवडलेले गो. स. सरदेसायांचे ४५ खंड छापील आहेत, मोडी येत नसेल तर सुरुवात तिथून करा. (पण मोडी शिका. टाळू नका.) ना. गो. चापेकरांचं ‘पेशवाईच्या सावलीत’ हे पुस्तक तर जमाखर्चाच्या वह्यांतूनच उभं राहिलंय. या कागदांत कापडच कापड आहे : लुगडी, खण, शेले, मंदील, किनखाप. किंमत असते, नग असतात, कोणाला दिलं ते असतं. कारण कापड ही नुसती नेसायची वस्तू नव्हतीच. पेशवा गादीवर बसायचा म्हणजे साताऱ्याच्या छत्रपतींकडून त्याला पेशवेपदाची ‘वस्त्रं’ यायची. मानाप्रमाणे पोशाख. कोणाला किनखाप आणि कोणाला साधं पागोटं, हे शिंप्याच्या नव्हे, सरकारच्या मर्जीवर.

सवाई माधवरावांचं लग्न १७८३ साली पुण्यात झालं, आणि त्याच्या बंदोबस्ताची नाना फडणवीसांनी करवलेली याद प्रसिद्ध आहे. कोणी कुठली जबाबदारी घ्यायची, इतक्या बारकाईने. आजच्या ‘पेशवाई थीम’वाल्या इव्हेंट मॅनेजरने ती जरूर वाचावी. फक्त एक लक्षात ठेवून, की त्या लग्नातला नवरदेव जेमतेम आठ-नऊ वर्षांचा होता आणि नवरी रमाबाई त्याहून लहान. ज्या लग्नाची आपण नक्कल करतो ते दोन मुलांचं लग्न होतं.

तर कागद किंमत सांगतात, मान सांगतात. अंगावर कसं दिसलं हे एकही वही सांगत नाही. रूममेटचा दुसरा प्रश्न, जो मी माझ्या अभ्यासाबाहेरचा म्हणून बाजूला ठेवला होता, तो आता माझ्याच अभ्यासातलं भोक होऊन बसला.

रंगाचं मात्र पटकन निकालात निघालं. दुकानातला तो झगझगीत राणी कलर रासायनिक रंगांच्या घराण्यातला आहे, आणि पहिला तसा रंग विल्यम पर्किनने लंडनमध्ये बनवला १८५६ साली. त्याआधी जांभळा नव्हता असं नाही, निळीवर लाखेचा हात दिला की जांभळट रंग येई, पण तो असा ओरडत नाही. जुन्या रंगांची नावंच त्यांचं मूळ सांगतात. कुसुंबी कुसुंब्याच्या फुलांचा, उन्हात आणि धुण्यात विटणारा. किरमिजी किरमिज किड्यांचा. तसंच ते लांब बाह्यांचं पोलकं, तेही इंग्रजी अमदानीतलं. आधी खणाची चोळी, पुढे गाठ मारलेली. कपाळावर मेण लावून कुंकू, चिकटवायची टिकली नाही. आणि सेफ्टी पिन? १८४९. पेशवाई बुडाल्यावर एकतीस वर्षांनी.

पिनेवरूनच पुढचं सुचलं. पिना नव्हत्या, नाडी नव्हती, चेन तर नव्हतीच, मग ते अंगावर राहत कसं होतं? माझ्याकडे आजीचं एक जुनं सुती लुगडं होतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. रूममेटची आत्या तेव्हा पुण्यात आली होती. त्या एका संध्याकाळी आम्ही हॉस्टेलच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि आत्यांनी तिला लुगडं नेसवलं. परकर नाही, पिना नाहीत. कमरेला गाठ, निऱ्या, मागे कासोटा, पदर. पहिल्यांदा चार पावलांत सुटलं. दुसऱ्यांदा जिन्यापर्यंत गेली. तिसऱ्यांदा आत्यांनी गाठ दोन बोटं वर घेतली, निऱ्या एकीकडे न कोंबता पसरून खोचल्या, कासोटा ताणून घेतला, आणि रूममेट आरशासमोर उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली.

ती गाठोडं दिसत नव्हती. तिच्या अंगाप्रमाणे कापड बसलं होतं. शिवलेली नऊवारी एका ठरावीक मापाच्या बाईसाठी कापलेली असते, बाकीच्यांनी त्या मापात मावायचं. नेसायच्या लुगड्यात कापड माणसापुढे नमतं. उंची कमी तर गाठ वर, पोट सुटलंय तर निऱ्या पसरट. “आमच्या आईला सहा बाळंतपणं झाली, लुगडं तेच,” आत्या म्हणाल्या.

हा पुरावा आहे का? प्रबंधात मी याला पुरावा म्हणणार नाही. एकविसाव्या शतकातली एक आत्या, गिरणीत विणलेलं कापड, एक संध्याकाळ. पण त्यानंतर मी जमाखर्चाच्या वह्या वेगळ्या नजरेने वाचायला लागले. लुगड्याची लांबी ‘सोळा हात’ अशी दिसली की आता मी विचारते, एवढ्या कापडात काय काय करता येतं. करून पाहण्याने उत्तर मिळत नसेल, प्रश्न मात्र नक्की सुधारतो.

इथे लेख संपला असता. पण तिच्या भावालाही त्याच लग्नाला जायचं होतं. त्याचं सोपं होतं : धोतर, अंगरखा, पगडी. त्याला धोतर नेसायला येत नव्हतं म्हणून तो व्हिडिओ कॉलवर होता, आणि मी शहाणपणाने सांगत होते की निऱ्या अशा घे, टोक असं सोड. बोलता बोलता मला आठवलं आणि मी थांबले. हे घर सोनारांचं. तिचे वडील आजही पेढीवर बसतात.

अठराव्या शतकात सोनारांनी स्वतःला दैवज्ञ ब्राह्मण म्हणवून ब्राह्मणांसारखं निऱ्या घालून धोतर नेसायला आणि एकमेकांना ‘नमस्कार’ म्हणायला सुरुवात केली. पेशव्यांच्या सत्तेच्या जोरावर ते बंद पाडण्यात आलं. मुंबई पेशव्यांच्या हद्दीत नव्हती, तर तिथल्या कंपनी सरकारकडून १७७९ साली सोनारांनी ‘नमस्कार’ म्हणू नये असा हुकूम काढवला गेला. डॉ. आंबेडकरांनी १९३६च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये या प्रकरणाचा दाखला दिलाय, आणि त्याच पुस्तकात पेशवाईत अस्पृश्यांवर काय काय लादलं होतं तेही. पुस्तक मी दोनदा वाचलं होतं. ‘पेशवाई पेहराव’ या दोन शब्दांशेजारी ते ठेवून पाहिलं नव्हतं, एवढंच. निऱ्यांवरून हुकूम निघत होते, आणि मी कापणी, रंग, पिना मोजत बसले होते. कोण काय नेसत होतं हे शोधताना, कोणाला काय नेसायला बंदी होती, हा रकाना मी आखलाच नव्हता.

मी त्यांना सांगितलं. सांगावं की नाही, याचा पाच मिनिटं विचार करून सांगितलं. भाऊ हसला. रूममेट हसली नाही. “म्हणजे खऱ्या पेशवाईत आम्ही या लग्नात कुठे उभे असतो?” तिने विचारलं. आणि नंतर, “माझी पणजीची पणजी काय नेसत असेल, ते आहे का तुझ्या दप्तरात?”

तिच्या पणजीची पणजी दप्तरात सापडलीच तर बापाच्या किंवा नवऱ्याच्या नावाआड, एखाद्या वसुलीच्या ओळीत. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांत लुगडी आहेत, चोळ्या आहेत, चंद्रकळा आहेत, आणि गाणाऱ्या बायका गावखेड्यातल्या आहेत. पण ओवीवर तारीख नसते. माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण सध्या याच ओळीवर अडलंय, आणि गाईडना अजून ते सांगायचंय.

लग्नाला ती आजीचं लुगडं नेसून गेली, खणाची चोळी, पिना शून्य. पगडी भावाने घेतली नाही, धोतर मात्र निऱ्या घालून नेसला. मांडवाच्या दारात पाहुण्यांच्या स्वागताला वधूचे काका उभे होते. तो त्यांच्यासमोर गेला, दोन्ही हात जोडले आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, “नमस्कार!”